परात, वाटी आणि नऊ बाळं : पाळणाघरातल्या विज्ञान-खेळाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका कंपनीच्या आवारातलं हे पाळणाघर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. त्यामुळे इथे येणारं सगळ्यांत लहान बाळ साधारण सहा-सात महिन्यांचं असतं. नुकतं बसायला लागलेलं, हाताला लागेल ते तोंडात घालणारं.

लहान बाळांच्या खोलीत त्या वेळी नऊ बाळं होती, वय ६ ते १५ महिने. सांभाळायला तीन ताई आणि एक मावशी. पालक बहुतेक अभियंते. "दिवसभर बाळ इथे असतं, मग तुम्ही त्याला शिकवता काय?" हा प्रश्न दर महिन्याच्या बैठकीत यायचा. त्याला उत्तर म्हणून व्यवस्थापनाने दर शुक्रवारी 'सायन्स अवर' सुरू केला आणि ऑनलाइन एक सेन्सरी किट मागवलं. त्यात रंगवलेला तांदूळ, चमकी घातलेल्या बाटल्या, चुंबकाच्या पट्ट्या, पाण्यात फुगणारे जेलचे मणी आणि फ्लॅशकार्डं होती. दर शुक्रवारी एक विषय असायचा. एकदा ज्वालामुखी, म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. एकदा इंद्रधनुष्य. एकदा चुंबक.

अडचण

ताईंच्या नोंदवहीत या तासांबद्दल 'बाळांनी खूप एन्जॉय केलं' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात घडत होतं ते असं : एक ताई बाळाला मांडीवर घ्यायची, त्याचा हात धरून रंगीत तांदळात बुडवायची, दुसरी फोटो काढायची. तीन-चार मिनिटांत पुढच्या बाळाची पाळी. सोडा फसफसला की दोन बाळं दचकून रडायची, बाकीची ताईच्या तोंडाकडे बघायची. फेस कुठून आला याचा बाळाच्या हाताशी काहीच संबंध नव्हता. ओतणारी ताई, दाखवणारी ताई, आश्चर्य व्यक्त करणारीही ताईच.

तरीही हे असंच चालू राहिलं असतं. थांबलं ते जेलच्या मण्यांमुळे. एका शुक्रवारी तास संपल्यावर मावशी गाद्या उचलत असताना ११ महिन्यांच्या मुलीच्या गालात काहीतरी फुगलेलं त्यांना दिसलं. जेलचा मणी होता, लगेच बाहेर काढता आला. पण आणखी एखादा पोटात गेला आहे का, हे सांगता येईना, कारण टबात किती मणी घातले होते आणि किती परत आले याचा हिशेबच ठेवलेला नव्हता. हे मणी कोरडे असताना मोहरीएवढे असतात आणि ओलाव्यात कितीतरी पट फुगतात. पोटात गेले तर आतड्यातही फुगतात आणि अडकतात. साध्या एक्स-रेमध्ये ते सहसा दिसत नाहीत. त्याच संध्याकाळी आई-वडिलांना सगळं सांगितलं, बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. उलट्या, पोट फुगणं, शी न होणं यांवर काही दिवस लक्ष ठेवायला त्यांनी सांगितलं. काही झालं नाही. पण त्या काही दिवसांत त्या घरावर काय गुजरली असेल, याची जाणीव सगळ्यांना होती.

चुंबकाच्या पट्ट्याही त्याच दिवशी बाहेर काढल्या. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मधे चिमटून धरतात आणि तिथे भोक पडू शकतं. बटण-सेलचे दिवे असलेलं एक खेळणंही गेलं. बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं.

समोर असलेले पर्याय

सोमवारी व्यवस्थापिका, तिन्ही ताई, मावशी आणि बालविकासाचं काम करणाऱ्या दोन सल्लागार अशी बैठक झाली. चार वाटा समोर होत्या.

पहिली, हे सगळं बंद करून खुळखुळे आणि कापडी खेळण्यांवर राहायचं. व्यवस्थापिकेचा कल इकडे होता आणि तो समजण्यासारखा होता. पण खोलीतली खेळणी पाहिली तर जवळपास सगळी प्लास्टिकची. वजन सारखं, गारवा सारखा, वास सारखा, आपटल्यावर येणारा आवाजही सारखा. सात महिन्यांचं बाळ तोंडाने आणि हातानेच जग तपासतं, आणि त्याला तपासायला आपण एकच पदार्थ वीस आकारांत देत होतो.

दुसरी वाट, पडद्यावर बाळांसाठीचे विज्ञान-व्हिडिओ. ती पाच मिनिटांत बाद झाली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवायचा नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

तिसरी वाट होती खाण्यायोग्य सामान : जेली, उकडलेल्या शेवया, रंगवलेला रवा, कणकेचा गोळा. तोंडात गेलं तरी बिघडत नाही, हा तिच्यामागचा विचार. ताईंना ती आवडली होती. मावशी मात्र म्हणाल्या, "अन्न पायाखाली तुडवायचं, मग झाडून केरात टाकायचं, आणि जेवताना त्याच पोराला सांगायचं की सांडू नकोस. मला हे नाही पटत." बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग चर्चा झाली, आणि मावशींच्या बाजूने आणखी कारणं निघाली. खाण्यायोग्य असणं म्हणजे घशात न अडकणारं असणं नव्हे. कच्च्या पिठात जंतू असू शकतात. मिठाच्या कणकेतलं मीठ बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणारं नसतं. वर्षाखालच्या बाळाला मध तर कुठल्याच रूपात चालत नाही, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. शिवाय बाळ जेवताना वरणभात कुस्करतं, केळ्याचा तुकडा मुठीत दाबून बोटांच्या फटींतून बाहेर येताना बघतं, तो स्पर्शाचा खेळच आहे. त्यासाठी वेगळा तास कशाला? निर्णय झाला तो असा : अन्नाशी ओळख जेवणाच्या वेळीच करून द्यायची, पण जेवण घाईने भरवायचं नाही, बाळाच्या हाताला ताटात जागा द्यायची.

चौथी वाट, घरातल्या साध्या वस्तू, थोड्या, आणि त्याच त्या पुन्हा पुन्हा. ही निवडली.

निवडीमागे काय होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पालकांना पटवताना हेच उपयोगी पडलं. १९६९ मध्ये रोव्ही या संशोधक दांपत्याने दाखवलं की पाळण्यावरच्या झुंबराला दोरीने पाय बांधलेलं तीन महिन्यांचं बाळ, आपण पाय झाडला की झुंबर हलतं हे ओळखतं आणि जास्त पाय झाडतं. आपण केलं म्हणून झालं, हा धागा इतक्या लवकर हाती येतो. २०१५ मध्ये एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी ११ महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास तर फारच बोलका आहे. काही बाळांना त्यांनी चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दाखवला, काहींना वस्तू आधाराशिवाय हवेत तरंगताना दाखवली. नंतर तीच वस्तू हातात दिल्यावर पहिल्या गटातली बाळं ती आपटून बघू लागली, दुसऱ्या गटातली खाली टाकून. म्हणजे जे खटकलं तेच तपासलं. हे करायला बाळाला वस्तू स्वतःच्या हातात हवी आणि वेळ हवा. शुक्रवारच्या तासात यातलं एकही नव्हतं.

वस्तूंची निवड करताना ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांच्या 'ट्रेझर बास्केट'चा आधार घेतला. बसता येतं पण अजून रांगता येत नाही अशा बाळासमोर नैसर्गिक आणि घरगुती वस्तूंनी भरलेली बुटकी टोपली ठेवायची, अशी ती पद्धत. आपल्याकडे हा विचार नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा महागड्या तयार साधनांऐवजी परिसरातल्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. ती मुलं या बाळांहून मोठी होती, एवढाच फरक.

काय केलं

*वस्तूंची चाळणी.* खेळण्यांच्या सुरक्षा मानकांमध्ये लहान भाग तपासायला ३१.७ मिमी व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. पाळणाघरात त्याऐवजी टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरली. तिचा व्यास सुमारे ४ सेंमी, म्हणजे चाचणी जास्त कडक. चेंडू किंवा गोल वस्तू ५ सेंमीहून मोठीच हवी, कारण गोल वस्तू घसा पूर्ण बंद करते. त्यानंतर ओढून बघायचं, पिळून बघायचं, फरशीवर जोरात आपटून बघायचं. दोरी २० सेंमीहून लांब नको. दांडा १५ सेंमीहून लांब नको, बाळ तोंडात दांडा धरून पुढे पडलं तर टाळूला इजा होते.

या चाळणीत बरंच काही गळलं. घुंगरू सुटले. काथ्याच्या ब्रशचे तंतू हातात आले. चहाच्या गाळणीची जाळी कडेला टोचत होती. लोकरीच्या गोंड्याचे धागे ओल्या बोटांना चिकटत होते. जुनी पितळी आणि कल्हईची भांडी वगळली, कारण पितळात आणि हलक्या कल्हईत शिसं असू शकतं, आणि इथे वस्तू तासन्‌तास चोखली जाणार. रांगोळी आणि टाल्कम पावडर यांचा विषयच नको, दोन्हींची बारीक पूड श्वासात जाते.

उरल्या त्या अठरा-वीस वस्तू : स्टीलच्या दोन मापांच्या वाट्या, कडा गोल असलेला जाड चमचा, स्टीलचं कडं, न रंगवलेलं भातुकलीतलं लाटणं, पॉलिशपेपरने कडा घासलेली नारळाची करवंटी, मुठीपेक्षा मोठा शंख, वाळवलेल्या घोसाळ्याचा तुकडा, खादीचा आणि खणाचा हातरुमाल, झाकण घट्ट बसवलेली रिकामी डबी. या सगळ्या वस्तू ३५ सेंमी व्यासाच्या, १०-१२ सेंमी उंच, जड बुडाच्या वेताच्या टोपलीत ठेवल्या. बांबूची दुरडी स्वस्त मिळते, पण तिच्या कडेच्या कामट्या निघतात आणि बाळ टेकलं की ती कलंडते.

*बसण्याची मांडणी.* बाळाच्या पाठीशी उशी, टोपली इतकी जवळ की बाळाचा कोपर तिच्या काठावर टेकेल. ताई हातभर अंतरावर, हात स्वतःच्या मांडीवर. वस्तू हातात द्यायची नाही, वाजवून दाखवायची नाही, "बघ बघ" म्हणायचं नाही. बाळाने वर पाहिलं तर नजर द्यायची, हसायचं. काही घडलं तर ते घडल्यावर एक साधं वाक्य : "पडली वाटी." बाळ तोंड फिरवू लागलं, डोळे चोळू लागलं की खेळ संपला.

ताईंना सगळ्यांत जड गेलं ते हेच. बाळ टोपलीकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. एका ताईंनी स्पष्ट सांगितलं, की गप्प बसणं म्हणजे काम न केल्यासारखं वाटतं. मग त्यांच्या हातात वही-पेन दिलं. काय लिहायचं तेही ठरवून दिलं : बाळाने काय केलं, किती वेळा केलं, पुढच्या वेळी काय बदललं. 'आवडलं', 'मजा आली' असे शब्द वहीत नकोत.

त्या वहीतली आठ महिन्यांच्या एका मुलाची नोंद. त्याने वाटी सतरंजीवर आपटली, आवाज दबका आला. पुन्हा आपटली. तिसऱ्या वेळी वाटीचा काठ सतरंजीबाहेर फरशीवर लागला आणि खणकन आवाज आला. तो थांबला. वाटीकडे पाहिलं, तोंडात घातली, काढली, पुन्हा सतरंजीवर आपटली. दबका आवाज. मग कमरेतून वाकून मुद्दाम फरशीवर आपटली. असं त्याने आलटून पालटून केलं, पुढे वाटी डाव्या हातात घेऊन तेच, आणि शेवटी वाटी टाकून हातात आलेला रुमाल फरशीवर आपटला. आवाज आला नाही तेव्हा रुमाल उलटा करून पाहिला. कुणीही त्याला एक शब्द सांगितलेला नव्हता.

*पाणी.* ४० सेंमीची परात, त्यात अडीच सेंमी पाणी, म्हणजे जेमतेम तीन लिटर. पाणी कोमट, कोपर बुडवून तपासलेलं. एका परातीला दोन बाळं आणि एक ताई, हाताच्या अंतरावर, मोबाइल खोलीबाहेर. बाळ इतक्या उथळ पाण्यातही बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की परात त्याच क्षणी रिकामी, मग बाकीची आवराआवर. परातीत पहिल्या आठवड्यात फक्त स्टीलची वाटी. ती तरंगते, हाताने दाबली की वर उसळते, काठावरून पाणी शिरलं की बुडते. दुसऱ्या आठवड्यात वाटी आणि चमचा. तिसऱ्या आठवड्यात करवंटी. दर आठवड्याला एकच बदल, बाकी सगळं तेच. बाळाला कंटाळा येईल ही भीती ताईंना होती, पण कंटाळा मोठ्यांनाच येतो.

*बर्फ.* अर्धा लिटरच्या वाडग्यात गोठवलेला एकच मोठा गोळा. बाहेर काढून पाच मिनिटं ठेवायचा, पृष्ठभाग ओला झाला की जीभ चिकटत नाही. परातीत सरकतो, हात गार पडतो, पाणी वाढत जातं. गोळा बाळाच्या घशाला धोका होईल इतका लहान होण्याआधीच, म्हणजे मोसंबीएवढा उरला की, उचलायचा. बर्फाचे छोटे ठोकळे कधीच नाहीत.

*रांगणाऱ्या-चालणाऱ्यांसाठी वेगळं.* ११ ते १५ महिन्यांच्या बाळांना टोपलीसमोर बसवून ठेवणं म्हणजे शिक्षा. त्यांच्यासाठी ७५ मिमीचा प्लंबिंगचा पीव्हीसी पाईप, ६० सेंमी लांब, टोकं घासून गुळगुळीत केलेला, उशीवर तिरका बांधला. वरून ६ सेंमीचा चेंडू सोडला की खालून निघतो. सुरुवातीला बाळं वरच्याच भोकात डोकावत राहिली. पुढे काही जण चेंडू सोडला की थेट खालच्या टोकाकडे बघू लागली. मग चेंडूऐवजी रुमालाचा बोळा दिला, तो मधेच अडकला, आणि एका मुलीने पाईप हलवून तो पाडला.

तेल आणि रंगीत पाण्याच्या बाटल्याही करून पाहिल्या : २०० मिलीची बाटली पाऊण भरायची, त्यात एक भाग तेल आणि दोन भाग रंगीत पाणी. रंग पाण्यातच राहतो, तेल वर तरंगतं. पहिल्या बाटलीचं झाकण झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवलं होतं, ते तडकलं आणि सतरंजीभर तेल झालं. दोन नळ्यांतलं मिश्रण करून लावायच्या एपॉक्सी गोंदाने झाकण बसवून, २४ तास वाळवून, रात्रभर कागदावर उलटी ठेवून तपासलेली बाटली टिकली. तरीही सगळ्या साहित्यात ही बाटलीच सगळ्यांत कमी कामाची. दिसायला सुंदर, पण बाळाला तिच्याशी हलवण्यापलीकडे काही करता येत नाही.

मधे काय बिघडलं

सुरुवात जूनमध्ये झाली होती. पावसाळ्यात लाकडी लाटणी आणि घोसाळ्याच्या तुकड्यांना दोन आठवड्यांत बुरशी धरली. स्टील उकळून घेता येतं, लाकूड रोज उकळलं तर चिरतं. म्हणून लाकडी वस्तूंचे दोन संच केले, एक दिवस वापर, एक दिवस पंख्याखाली वाळवण. काळा ठिपका दिसला की वस्तू कचऱ्यात. घोसाळं पावसाळाभर बंदच ठेवलं.

त्याहून मोठी अडचण आली ती जुलैमध्ये हात-पाय-तोंडाच्या पुरळांची साथ आली तेव्हा. सुरुवातीला दोन-तीन बाळं एकाच टोपलीभोवती बसत होती, म्हणजे एकमेकांनी चोखलेल्या वस्तू तोंडात. साथ टोपलीमुळेच पसरली असं म्हणता येणार नाही, एका खोलीतल्या बाळांमध्ये ती एरवीही पसरते. पण टोपली बंद ठेवली आणि पुन्हा सुरू करताना नियम बदलला : एका वेळी एका बाळाची एक टोपली. वापरलेलं सगळं वेगळ्या बादलीत, साबणाने धुणं, स्टील १० मिनिटं उकळणं, मगच पुढच्या बाळाला. या धुण्यात मावशींचा रोज पाऊण तास जाऊ लागला. तो वेळ वेळापत्रकात धरलेला नव्हता. एका आठवड्यानंतर त्यांनीच ते निदर्शनास आणलं, तेव्हा दुपारचं कपड्यांच्या घड्यांचं काम दुसरीकडे दिलं.

एकदा १३ महिन्यांच्या मुलाने करवंटी फेकली, ती सात महिन्यांच्या बाळाच्या कपाळाला लागली. इजा किरकोळ होती. तेव्हापासून बसणाऱ्यांची आणि चालणाऱ्यांची वेळ वेगळी केली. गाद्यांचा आडोसा पुरत नाही, चालायला शिकलेलं मूल त्यावर चढतंच. डबीच्या पत्र्याच्या काठाने एका बाळाचा ओठ कापला. झाकणाची कड दुमडलेली आहे का, हे चाळणीत पाहिलंच नव्हतं. आता बोटाचं टोक कडेवरून फिरवून बघणं ही वेगळी पायरी आहे.

आणि पालक. शुक्रवारचे फोटो बंद झाल्यावर तिसऱ्याच दिवशी विचारणा सुरू झाली, "आता काहीच करून घेत नाही का?" फोटो पुन्हा सुरू करावेत का, यावर बराच खल झाला. फोटोसाठी बाळाला वळवून बसवलं जातं, हातातली वस्तू 'नीट' धरायला लावली जाते, खेळ तिथेच तुटतो. म्हणून फोटोऐवजी आठवड्याला वहीतल्या दोन ओळी पाठवायचं ठरलं आणि ज्यांना शक्य आहे त्यांना १५ मिनिटं मागे बसून पाहायला बोलावलं. बहुतेकांचं समाधान झालं. एका कुटुंबाचं झालं नाही, त्यांना ठरलेला अभ्यासक्रम हवा होता. त्यांनी बाळाला दुसरीकडे घातलं.

परिणाम

चार महिन्यांनंतर वहीत दिसतं ते इतकंच : पूर्वी एका कृतीत तीन-चार मिनिटं टिकणारी बाळं टोपलीशी २० ते ३० मिनिटं रमतात. यात बाळांचं वयही चार महिन्यांनी वाढलं आहे, त्यामुळे सगळं श्रेय टोपलीला देता येणार नाही. बुद्धी वाढली, शाळेत पुढे जातील, असा कोणताही दावा पाळणाघर करत नाही आणि करू नये. रडण्याचे प्रसंग मात्र त्या वेळेत जवळपास थांबले. खर्च किटच्या निम्म्याहून कमी झाला, बराचसा टोपल्यांवर.

एक गोष्ट अपेक्षित नव्हती. आठवड्यामागून आठवडे नोंदी लिहिताना एका ताईंच्या लक्षात आलं की एक बाळ वाटी आपटतं, पण मागे कुणी डबी वाजवली तर वळत नाही. याला निदान म्हणत नाहीत. वस्तूत गुंतलेलं बाळही वळत नाही. पण वेगवेगळ्या दिवशी तेच दिसलं, तेव्हा पालकांना नोंदी दाखवून कानाची तपासणी करून घ्यायला सुचवलं. मधल्या कानात पाणी साठलेलं निघालं, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. 'खूप एन्जॉय केलं' लिहिणाऱ्या वहीत हे कधीच सापडलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजून ठेवायचं आणि मोजून उचलायचं, हा नियम पहिल्याच दिवसापासून हवा होता. आता प्रत्येक टोपलीच्या बुडाला वस्तूंची संख्या चिकटवलेली आहे, खेळ संपल्यावर ती जुळेपर्यंत बाळाला त्या जागेवर परत सोडत नाहीत.

घशात अडकल्यावरचं प्रथमोपचार प्रशिक्षण ताईंना मिळालं ते मण्यांच्या प्रसंगानंतर. ते किट उघडण्याआधी व्हायला हवं होतं. वर्षाखालचं बाळ खोकत-रडत असेल तर त्याला खोकू द्यायचं. आवाजच निघत नसेल तर पालथं, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, आणि हेच आलटून पालटून. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. मदतीला १०८. हे आता खोलीच्या भिंतीवर चित्रांसह आहे आणि दर तीन महिन्यांनी बाहुलीवर सराव होतो.

मावशींना पहिल्या बैठकीआधीच, किट मागवतानाच विचारलं असतं तर निम्मं सामान आलंच नसतं. बाळ खाली काय उचलतं, गादीखाली काय जातं, लाळेऱ्याच्या घडीत काय अडकतं, हे झाडणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या माणसालाच सगळ्यांत आधी कळतं.

सुरुवातीची स्थितीही नीट नोंदवायला हवी होती. टोपली आणण्याआधी एक आठवडा नुसतं बघून, कोणतं बाळ कशाशी किती वेळ रमतं हे लिहिलं असतं, तर आज तुलना जास्त भरवशाने करता आली असती. सुरुवात हिवाळ्यात केली असती तर लाकडाचा आणि साथीचा त्रास एकदम अंगावर आला नसता. पाण्याचे खेळ मात्र पुण्याच्या थंडीत सकाळी नकोत, दुपारी जेवणाआधी, एसी बंद करून, आणि कोरडे कपडे परातीशेजारी तयार ठेवून.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सगळ्यांत मोठी बाळं आता दीड वर्षाची झाली आहेत आणि त्यांना ओतायला, भरायला, उपसायला हवं आहे. वाळू द्यावी तर ती खोलीत टिकत नाही आणि डोळ्यांत जाते, धान्य द्यायचं नाही हे ठरलेलं आहे, आणि नाकात वाटाणा घालण्याचं वय हेच. सध्या अंगणात दोन परातींमध्ये पाणी आणि तीन मापांचे पेले, एवढ्यावर काम चाललं आहे. एका ताईंनी पेल्यांपैकी एकाला तळाशी भोक पाडून पाहायचं सुचवलं आहे, पुढच्या आठवड्याचा बदल तोच.